आधी यादी, मग यंत्र: साठीपुढच्या पुरुषांची तपासणी गावपातळीवर कशी चालवावी

प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यातलं सात वाड्यांचं गाव, साठी ओलांडलेले पुरुष अंदाजे चारशे. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने पैसे जमवलेत आणि दरवर्षी या सगळ्यांची तपासणी करायची ठरवलंय. एका लॅबने पॅकेज दिलंय: पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठीची रक्तचाचणी), ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, चाळीसेक रक्ताच्या चाचण्या. यातलं काय घ्यावं, आणि कामाचे नियम लिहून काढायचे तर त्यात काय असावं?

पॅकेज परत करा. त्यातल्या चाचण्या वाईट आहेत म्हणून नव्हे. ज्याला काहीही त्रास नाही अशा माणसाला आपण घरून बोलावून आणतो, तेव्हा निघेल त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करायची जबाबदारी आपल्यावर येते. दवाखान्यात रोगी स्वतः येतो, इथे आपण जातो. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली लिहिलेल्या कसोट्या आजही वापरल्या जातात, आणि त्यांचा गाभा हाच आहे: आजार महत्त्वाचा हवा, लवकर सापडल्याने फरक पडायला हवा, चाचणी लोकांना पटणारी हवी, आणि पुढचे उपचार हाताशी हवेत. चाळीस चाचण्यांचं पॅकेज शेवटच्या कसोटीवर आपटतं. साधा हिशोब करा. समजा ४०० पुरुषांत एखादा आजार ४ जणांना आहे, आणि चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरातल्या दहांना चुकून आजारी ठरवते. म्हणजे चाळीसेक निरोगी माणसं रिपोर्ट हातात घेऊन रत्नागिरी-कोल्हापूरच्या फेऱ्या मारणार, आणि त्यांच्या गर्दीत खरे चौघे हरवणार. अशा चाळीस चाचण्या एकदम केल्या तर गावात 'नॉर्मल' माणूस उरणारच नाही.

मग काय ठेवावं? रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी, नजर, आणि बोटाने नाडी. शिवाय तीन प्रश्न: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, लघवीचा त्रास. एवढंच. रक्तदाब आणि साखर दरवर्षी, तोंड पाच वर्षांतून एकदा, हे राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाचंच वेळापत्रक आहे. तंबाखू खाणाऱ्याचं आणि विडी ओढणाऱ्याचं तोंड मात्र मी दरवर्षी बघायला सांगेन, दोन मिनिटांचं तर काम आहे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ झालेल्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष २००५ साली आले) नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासल्याने तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू घटल्याचं दिसलं. ज्यांना कसलंच व्यसन नाही त्यांच्यात तसा फायदा दिसला नाही. बॅटरी आणि गॉज एवढ्या सामानात मृत्यू घटवणारी दुसरी तपासणी शोधून सापडायची नाही.

पीएसएचा आग्रह सगळ्यात जास्त होईल, कारण मुंबईत मित्राने केलेली असते. ठेवू नका. प्रोस्टेट वयानुसार वाढली तरी पीएसए वाढतो, लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो. पुढे बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, आणि त्यात अनेकदा असा कॅन्सर सापडतो ज्याने त्या माणसाला आयुष्यभर काही केलं नसतं, पण उपचाराने लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१८ साली ५५ ते ६९ वयात हा निर्णय डॉक्टरांशी बोलून ज्याचा त्याने घ्यावा म्हटलं आणि सत्तरीनंतर करूच नये असं सांगितलं. नियमात एक वाक्य लिहा: शिबिरात पीएसए नाही, कुणी मागितल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याशी भेट ठरवून द्यावी. आणि त्याने तो बाहेर केलाच, तर लघवीच्या जंतुसंसर्गानंतर सहा आठवडे थांबून करावा, एवढं त्याला सांगा. लघवीची धार बारीक होणं, रात्री चार वेळा उठणं या तक्रारी असलेला माणूस तपासणीच्या यादीतला नाहीच. तो रुग्ण आहे, त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवायचं.

ईसीजीचंही तसंच. छातीत काही होत नसलेल्या चारशे जणांचा ईसीजी काढण्यापेक्षा मनगटावर बोटं ठेवून तीस सेकंद नाडी मोजा. ठोके वेडेवाकडे लागले तर त्या एकाचा ईसीजी. नाडी आधी बघण्याचं आणखी एक कारण आहे: ठोके अनियमित असतील तर डिजिटल यंत्राचा रक्तदाबाचा आकडा भरवशाचा राहत नाही. अशा माणसाचं प्रेशर कान लावून, हातपंपाच्या यंत्रावर घ्यावं लागतं.

सोनोग्राफीवर जरा थांबतो, कारण नियम कसे लिहावेत याचा सगळ्यात स्वच्छ नमुना तिथेच आहे. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, फुगली आहे का हे बघण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००९ ते २०१३ या काळात देशभर पोहोचला. आधार होता सुमारे ६७,८०० पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचा, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. नियम एका पोस्टकार्डावर मावतील. पुरुष ज्या वर्षी ६५ वर्षांचा होतो, त्या वर्षी एकदाच बोलवायचं. धमनीची रुंदी ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर त्या माणसाला पुन्हा कधीही बोलवायचं नाही. ३ ते ४.४ असेल तर वर्षातून एकदा, ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी. ५.५ किंवा वर गेली तर दोन आठवड्यांच्या आत रक्तवाहिन्यांच्या सर्जनने बघायचं, आणि ऑपरेशन ठरलं तर आठ आठवड्यांत व्हायचं. यातला प्रत्येक आकडा पुढची कृती ठरवतो. 'बॉर्डरलाइन आहे, लक्ष ठेवा' असं मोघम वाक्य कुठेच नाही. तुमच्या वहीतला प्रत्येक नियम याच साच्यात बसला पाहिजे: आकडा, मुदत, कुणाकडे, आणि मोकळं कधी करायचं.

पण तीच तपासणी राजापुरात सुरू करावी का? नको. ५.५ निघालेला माणूस कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठणार. ४.७ वाल्याची दर तीन महिन्यांची सोनोग्राफी तीच मोजपट्टी लावून कोण करणार, हे ठरलेलं नाही. शिवाय कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, मग समोर फक्त म्हातारे पुरुष असोत. हलवता येणारं यंत्र एक तर नोंदलेल्या रुग्णालयात आंतररुग्णांसाठी, नाहीतर इतर आरोग्यसेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या पथकाचा भाग म्हणून, एवढ्याच अटींवर वापरता येतं. डॉक्टरांच्या गाडीतून यंत्र आणून समाजमंदिरात मांडलं तर यंत्र जप्त होईल आणि डॉक्टर गोत्यात येतील. त्यापेक्षा एक सोपी गोष्ट करा: पासष्टीपुढच्या, कधीकाळीही विडी-सिगरेट ओढलेल्या पुरुषाची मुतखडा किंवा प्रोस्टेटसाठी पोटाची सोनोग्राफी होणारच असेल, तर चिठ्ठीवर 'महाधमनीची रुंदी लिहावी' एवढं लिहून द्या. मोजताना भिंतीच्या आतून आत मोजलं की बाहेरून बाहेर, हेही लिहायला सांगा. त्या दोन पद्धतींत काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पुढच्या वर्षी तोच फरक 'वाढ' म्हणून वाचला जातो.

आता यादी. सगळ्या कामाचा कणा ही आहे, आणि सगळ्यात आधी कच्ची राहते तीही हीच. मतदार यादी घ्या, पण तिच्यातलं वय प्रमाण मानू नका. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विचारा: 'तेव्हा कितवीत होतात, तात्या?' सत्तरीच्या आसपासच्या माणसाचं वय यातून वर्षा-दोन वर्षांच्या फरकाने बसतं. एकाच वाडीत एकाच नावाचे तिघे निघतात, आणि दोघांच्या वडिलांचं नावही सारखं असतं. म्हणून घर क्रमांक, जन्मसाल आणि मोबाइल या तिन्हींशिवाय नोंद करायची नाही. एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर चढली तर दोघांचंही नुकसान.

यादीत कुणाला धरायचं? कोकणातला खरा गुंता चाकरमान्यांचा आहे. निवृत्त होऊन गावी आलेला, पण पावसाळ्यात लेकाकडे डोंबिवलीला जाणारा माणूस कुणाचा? नियम सोपा ठेवा: तो रोजची गोळी जिथून घेतो, तिथल्या यादीत. गणपतीला आठ दिवस आलेल्याचं प्रेशर बघायला हरकत नाही, पण त्याला यादीत घेऊ नका. नाहीतर पुढच्या वर्षी तो 'गैरहजर' दिसेल आणि तुमचे सगळे हिशोब बिघडतील. यादीतल्या प्रत्येकापुढे दरवर्षी एक शेरा हवाच: तपासला, नको म्हणाला, अंथरुणाला खिळलेला, गाव सोडला, वारला. कोरी जागा चालणार नाही. तीन वेळा निरोप देऊन जो येत नाही त्याच्या घरी एकदा आरोग्यसेवकाने जावं, आणि तिथेही तो 'माका काय जाला नाय, कित्याक व्हयी तपासणी?' म्हणाला तर 'नको म्हणाला' लिहून त्या वर्षापुरतं थांबावं. नाही म्हणायचा त्याला हक्क आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं, पण सरपंचाकरवी दबाव आणायचा नाही.

ऐंशीच्या पुढचे, किंवा आधीच मोठ्या दुखण्याने खंगलेले, यांच्या बाबतीत लपलेला आजार हुडकून त्यांच्या पदरात क्वचितच काही पडतं. त्यांची नजर, कान, चालताना तोल जातो का, आणि सुरू असलेल्या गोळ्या कोणत्या, हे घरी जाऊन बघा. विस्मरण झालेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांशी बोलल्याशिवाय काही करू नका.

तारखा ठरवताना पंचांग नव्हे, शेत आणि समुद्र बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी आणि तांडेल घरी जाळी विणत बसलेले असतात. साखरी नाट्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांत तेच दोन महिने. शेतकऱ्यांच्या वाड्यांत नेमके तेच महिने लावणीचे, तिथे जाऊ नका. भाताची कापणी आणि झोडणी उरकल्यावर नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबर हा काळ बरा. मार्चपासून बागायतदार हाती लागत नाहीत, आणि लागले तर एक वेगळीच अडचण येते. आंबा किंवा फणस हाताळलेल्या बोटातून रक्ताचा थेंब काढला तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतो. स्पिरिटचा बोळा फिरवून ती पुरती जात नाही. साबण, पाणी, आणि हात पूर्ण कोरडे, हा नियम बाराही महिने पाळायचा.

प्रत्यक्ष तपासणीचा क्रम बदलू देऊ नका: नोंदणी, बसणं, नाडी आणि रक्तदाब, मग साखर, मग तोंड, मग नजर. सुई आधी टोचली तर प्रेशर चढतं. आपल्याकडे माणूस पाखाडी चढून धापा टाकत येतो. त्याला पाच मिनिटं पुस्तकातली झाली, इथे दहा बसवा. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको, आणि लघवीला जाऊन आलेला असावा. अंगणवाडीच्या बुटक्या खुर्च्या वापरू नका. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. हात खाली लोंबकळत राहिला तर आकडा जास्त येतो. पट्ट्याचा तर घोळ ठरलेला: नेहमीचा मोठ्यांचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो, आणि सुकलेल्या म्हाताऱ्या दंडाला तो मोठा पडून प्रेशर कमी दाखवतो. लहान पट्टा सोबत ठेवा आणि दंड टेपने मोजा, अंदाजाने नको. पहिलं माप १४०/९० किंवा वर आलं तर मिनिट-दोन मिनिटांनी दुसरं. दोन्ही वर आले तरी त्याच दिवशी 'बीपी आहे' असा शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. १८०/११० ला टेकलं तर मात्र त्याच दिवशी वैद्यकीय अधिकारी. प्रोस्टेटची किंवा प्रेशरची गोळी चालू असेल तर उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर हा माणूस पहाटे अंगणात पडणार, आणि त्याच्या चिठ्ठीवर ते लिहायला हवं.

साखर १४० किंवा वर आली तर उपाशीपोटी तपासणीसाठी पाठवायचं. मधुमेह ठरतो तो उपाशी १२६ वर, शिबिरातल्या थेंबावर नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की कोकणातली दमट हवा त्यांना खराब करते; बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि कंपनीने छापलेल्या मुदतीनंतर फेकून द्या. तोंड बघताना कवळी काढायला लावा. लाजून कुणी काढत नाही आणि नेमकी तिच्याखालची जखम राहून जाते. गालाची आतली बाजू, हिरडी आणि गाल यांच्यातली खाच, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेला व्रण, तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं काहीही दिसलं तर चौदा दिवसांत दंतशल्यचिकित्सकाकडे. नजरेसाठी सहा मीटरची दोरी, दोन्ही टोकांना गाठ. पावलांनी अंतर मोजलं की दर वाडीत तक्ता वेगळ्या अंतरावर लागतो. तक्त्यावरची ६/१८ ची ओळ वाचता येत नसेल तर मोतीबिंदूसाठी पुढे. लघवीबद्दलचा प्रश्न पुरुष आरोग्यसेवकाने, आडोशाला विचारावा. गावातल्याच आशाताईला, जी नात्याने सून लागते, तिला कुणीही खरं उत्तर देणार नाही.

रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी रक्तदाबाच्या दोन्ही यंत्रांवर एकाच कर्मचाऱ्याचं प्रेशर घ्या आणि आकडे लिहा. प्रत्येक नोंदीपुढे यंत्राचा क्रमांक. ही कटकट वाटते, पण एखादं यंत्र बिघडलेलं कळलं तर शेवटच्या बरोबर नोंदीनंतर त्या यंत्रावर मोजलेल्या सगळ्यांना परत बोलवायचं असतं, आणि क्रमांक नसेल तर गावालाच बोलवावं लागतं. खाऱ्या हवेत बॅटरीच्या पट्ट्यांना हिरवा गंज चढतो. काम संपल्यावर सेल काढून ठेवा.

गोळ्यांचा साठा आधी बघा. समजा १२० जणांना रोज एक गोळी लागली, तर वर्षाच्या ४३,८०० गोळ्या झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी हे बोलणं पहिल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधण्याआधी व्हायला हवं, आणि एका वेळी तीस दिवसांची गोळी मिळेल हे ठरायला हवं. शेजारच्या सिंधुदुर्गाचा राज्यातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यातच समावेश होता. तिथली उपचारपत्रिका, म्हणजे एका माणसाचं एकच कार्ड आणि प्रत्येक भेटीचा आकडा, मागवून तशीच वापरा. नवी छापायची हौस नको.

पुढे पाठवलेला माणूस पोहोचतच नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी गळती. कारणं साधी असतात: सोबत कुणी नाही, एसटी सकाळी एकच, तिथे कुणाला भेटायचं माहीत नाही. चिठ्ठीवर वार, ओपीडीची वेळ, खोली आणि एसटीची वेळ लिहा. पंचाहत्तरीपुढे एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, सोबत सून किंवा लेक गेली तर तिलाही अर्धंच. मंडळाचे पैसे इथे लागू द्यात, पॅकेजवर नको. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचारांचं) आधीच काढून ठेवा, ऑपरेशनची वेळ आल्यावर आधारची अंगठ्याची जुळणी करत बसायची वेळ नसते. राबलेल्या हातांचे ठसे उठत नाहीत, डोळ्यांची किंवा ओटीपीची सोय विचारून ठेवा.

एका माणसाकडे 'उघड्या प्रकरणांची' वही द्या. दर सोमवारी त्यातला प्रत्येकजण कुठवर पोहोचला ते फोन करून लिहायचं. प्रकरण मिटतं ते निदान लिहून आल्यावर, चिठ्ठी दिल्यावर नाही. वही कुलपात राहील, आकडे ग्रामसभेत वाचायचे नाहीत, व्हॉट्सॲप गटावर 'बीपीवाले' अशी यादी टाकायची नाही, आणि बॅनरसमोर पट्टा बांधलेल्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. ज्याचं सगळं ठीक निघालं त्याच्या चिठ्ठीवर 'रिपोर्ट नॉर्मल' लिहू नका. 'आज रक्तदाब, साखर, तोंड, नजर यांत दोष आढळला नाही. मधल्या काळात त्रास झाला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा' असं लिहा. नाहीतर महिन्याने छातीत दुखलं तरी माणूस ती चिठ्ठी दाखवत घरी बसतो.

मंडळाला वर्षाअखेरी चार आकडे द्या: यादीतले किती तपासले, पाठवलेल्यांपैकी किती पोहोचले, पोहोचलेल्यांत आजार किती जणांचा पक्का झाला, आणि उपचारावर असलेल्यांपैकी वर्षाने किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. किती माणसं शिबिराला आली हा आकडा त्यांना आवडेल, पण तो देऊ नका, कारण मग पुढच्या वर्षी गर्दी जमवण्यावरच सगळा जोर जाईल.

सातही वाड्या एकदम घेऊ नका. तीन टेबलं आणि चार माणसांत दिवसाला पंचवीस-तीस पुरुष नीट होतात. पहिल्या वर्षी एक वाडी, साठेक माणसं, दोन-तीन दिवस. मग तीन महिने नुसती सोमवारची वही चालवा. त्या वहीत चौदा दिवसांहून जुनं एकही उघडं प्रकरण उरलं नाही की दुसरी वाडी घ्या. उरली असतील तर दुसऱ्या वाडीला सांगा, पुढच्या डिसेंबरला येऊ.